अकरा वर्षांचं ऊन

वना केळीचा घड टाकत नसे, ठेवत असे. गिरणेच्या काठाने भडगाव तालुक्यात केळी भरणाऱ्या टोळ्या पुष्कळ होत्या. व्यापारी वनाची टोळी मागून घेत, ते एवढ्याच कारणाने. पंचवीस-तीस किलोचा घड खांद्यावर घ्यायचा, बागेतल्या चिखलातून ट्रकपर्यंत न्यायचा, फळीवरून वर चढायचं आणि पाल्याच्या थरावर तो असा उतरवायचा, की एकाही केळ्याला मुका मार बसता कामा नये. मार बसतो तेव्हा दिसत नाही. माल दिल्लीला पोहोचतो तेव्हा डाग काळा होऊन वर येतो. नवीन मजूर घड आपटत. वना त्यांना बोलत नसे. त्यांच्या खांद्यावरचा घड घेऊन स्वतः ठेवून दाखवी आणि पुन्हा आपल्या ओळीत जाई.

सांगितलेलं काम सांगितलं तसं आणि सांगितलं तेवढं करायचं, हा त्याचा स्वभाव. त्याच्या घरात जे झालं ते या स्वभावातूनच झालं.

लग्नानंतर दोन वर्षांनी रत्नाला मुलगी झाली. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "काय गोरीपान आहे हो!" सगळे हसले. तिसऱ्या दिवशी पोर घरी आली आणि वनाच्या आईने, झुंबरबाईने, तिला दाराच्या उजेडात धरलं. जावळ कापसासारखं. पापण्याही पांढऱ्या. उजेड लागताच पोरीने डोळे गच्च मिटले, आणि उघडले तेव्हा ते एका जागी थांबेनात. पाण्यात चंद्र हलावा तसे हलत राहिले. झुंबरबाईने पोर रत्नाच्या मांडीवर ठेवली आणि तोंडाला पदर लावला.

"व माय! हाई ते कोड शे."

घरात तो शब्द पडला आणि मग तोच राहिला. कोड म्हटल्यावर पाव्हण्यांनी या घरचं पाणी प्यायचं टाळलं. रत्नाच्या धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. कुणी म्हणालं, रत्नाने ग्रहणात सुपारी कातरली असेल. रत्नाने कातरली नव्हती. पण तिला कुणी विचारलंच नाही.

पोरीचं नाव मयुरी ठेवलं.

कोडाचं औषध खानदेशात कुणालाही विचारा, एकच सांगतील. बावचीचं तेल चोळायचं आणि उन्हात बसायचं. अंगावर पांढरा चट्टा उठलेल्या माणसांना त्याने गुण आल्याचीही उदाहरणं आहेत. मयुरी चार वर्षांची झाली तेव्हा वना तिला घेऊन शिंदखेड्याच्या पलीकडे एका खेड्यात गेला. तिथे एक म्हातारा दर रविवारी कोडाचं औषध देई. पैसे घेत नसे, नारळ घेई. वाईट माणूस नव्हता. त्याने पोरीचा हात उलटसुलट करून पाहिला, केस वर करून मान पाहिली. अशी पोर त्याने कधी पाहिली नव्हती. पण तसं त्याने सांगितलं नाही.

"चट्टा असता तर सहा महिने म्हटलं असतं," तो म्हणाला. "हिचं सगळ्या अंगभर पसरलंय. दहा-बारा वर्षं लागतील. रोज करावं लागेल. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. जमेल का?"

"जमेल," वना म्हणाला. असं काम त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सुरू झालं. सूर्य कासराभर वर आला की वना पोरीला चड्डीवर गच्चीत नेई. तोंड, मान, हात, पाठ, पाय या क्रमाने तेल चोळी. मग सूर्याकडे तोंड करून बसवी. पहिला महिनाभर पाच मिनिटं, पुढच्या महिन्यात दहा, वर्षाअखेरीस अर्धा तास. निम्मा वेळ तोंड उन्हाला, निम्मा पाठ. डोळ्यांवर ती स्वतःच हात धरी. टोळी सहाला बागेत जाई. वना नऊला जाऊ लागला आणि उरलेले घड सगळे गेल्यावर एकट्याने भरू लागला. पावसाळ्यात ढग असले की वाट बघत थांबे. ऊन अकराला पडलं तर अकराला, चारला पडलं तर चारला, नाहीच पडलं तर ढगातल्या उजेडात. तेवढ्या दिवसाची मजुरी सोडून दिली, पण ऊन सोडलं नाही.

पहिल्या आठ-पंधरा दिवसांतच पोरीच्या खांद्यावर फोड आले होते. रत्ना घाबरली. वना पुन्हा शिंदखेड्याकडे जाऊन विचारून आला. फोड आले म्हणजे औषध लागू पडतंय, असं उत्तर मिळालं. फोड फुटत, साल निघे, खालची कातडी लाल दिसे आणि त्यावर पुन्हा तेल लागे. पोर ओरडे. शेजारी प्रेमराजची म्हैस बांधलेली असे. ती या ओरडण्याने कान टवकारी. वना पोरीचे दोन्ही हात आपल्या एका हातात धरी. धरताना मनगटं दुखू नयेत याची काळजी घेई.

एकदा तिला ताप होता. रत्ना आडवी आली. "आजना दिवस राहू द्या ना हो."

"मंग पहिलेपासून करनं पडी. तिन्ही वर्षं पाण्यात," वना म्हणाला आणि तिला उचलून वर घेऊन गेला.

त्याचा बाप वारला त्या दिवशीही, माणसं जमायच्या आधी, त्याने पोरीला मागच्या जिन्याने गच्चीवर नेलं होतं.

सातव्या वर्षी मयुरीच्या हातांवर बारीक तपकिरी ठिपके उमटले. तिळाएवढे. वनाने डाव्या हातावरचे मोजले, एकेचाळीस भरले. मग उजव्या हातावरचे मोजले. त्याने रत्नाला हाक मारली, आईला हाक मारली. झुंबरबाईने पोरीचा हात डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि रडायला लागली. रंग येत होता. वनाने मारुतीला पाच नारळ फोडले. त्या वर्षी त्याने वेळ दहा मिनिटांनी वाढवली.

शाळेत पोर हुशार निघाली. पुस्तक नाकाला लावून वाची. एरंडोलला डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी जाड चष्मा दिला आणि सांगितलं, नजर जन्मापासूनच अधू आहे, याला औषध नाही. घरच्यांनी ते डोळ्यांपुरतं घेतलं. गावातली माणसं तिला धवयी म्हणत, म्हणजे धवळी. पांढऱ्या गाईला म्हणतात तशी. वर्गातली पोरं इंग्रजीण म्हणत. एका बाजाराच्या दिवशी एक अनोळखी बाई तिला थांबवून म्हणाली, "पीठमा पडनी का व पोर?"

मयुरी म्हणाली, "हो मावशी. घरी गिरणी आहे. तुम्हीही या एकदा."

ती घरातसुद्धा शाळेचं मराठी बोले. त्यावरून झुंबरबाई तिला मास्तरीण म्हणे.

पंधराव्या वर्षी एका सकाळी वना तेलाची बाटली घेऊन आला, तर मयुरी अंगभर कपडे घालून, डोक्याला ओढणी बांधून शाळेला निघालेली.

"नाना, आता बस. यायचा तेवढा रंग आला."

"अजून एखादं वरीस..."

"मी मोठी झाले आता. गच्चीवर कशी बसू?"

ते खरंच होतं. वनाने बाटली फळीवर ठेवली. अकरा वर्षं झाली होती. बारा झाली नव्हती. पुढे कित्येक दिवस कामावर असताना ते त्याला मध्येच आठवे, आणि आपण काम अर्धवट टाकलं असं वाटे.

मयुरी भडगावला कॉलेजात जाऊ लागली. तिथे तिने एक वही केली. वनाला म्हणाली, "नाना, तुमच्याकडे कुठकुठले ड्रायव्हर येतात. त्यांना विचारा ना, त्यांच्याकडे माझ्यासारखीला काय म्हणतात?"

वनाने बागेत पोरीचं नाव कधी काढलं नव्हतं. विचारायला त्याला चार दिवस लागले. मग एकदा ट्रक भरून झाल्यावर, चहा पिताना, त्याने एका गुजराती ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, धोळी. पंजाबचा एक म्हातारा सरदार म्हणाला, चिट्टी. त्याच्या पिंडातही, म्हणजे गावातही, अशी एक होती, शिक्षिका झाली. तमिळनाडूच्या ड्रायव्हरला प्रश्न कळायलाच अर्धा तास लागला. वनाने शेवटी पांढरा रुमाल दाखवला, मग आपलं तोंड दाखवलं, तेव्हा तो हसून म्हणाला, वेळ्ळै. वना तो शब्द बागेपासून घरापर्यंत तोंडात घोळत आला, चुकू नये म्हणून. दारातूनच त्याने तो सांगितला आणि मयुरीने वही काढली.

प्रेमराजला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "वनाभाऊ, आते चीनना ड्रायव्हर कधी येस ते सांग, मी बी येस."

उत्तर प्रदेशच्या एकाने सांगितलं, "हमारे यहाँ सूरजमुखी कहते हैं." वनाला ते नाव फार आवडलं. दोन वर्षांत वहीची सहा पानं भरली. बाप-लेकीच्या आयुष्यातली ती दोन वर्षं चांगली गेली.

एकोणिसाव्या वर्षी मयुरीच्या डाव्या कानापुढे, कानशिलावर, एक फोड झाला. चष्म्याची काडी घासते म्हणून होत असेल असं सगळ्यांना वाटलं. वनाने काडीला कापूस गुंडाळून वरून मऊ कापडाची पट्टी शिवली. फोडावर खपली धरे, निघे, पुन्हा धरे. चार महिने झाले. खपलीखाली मांस कडक लागू लागलं. दोनदा मलम आणलं. मयुरी त्यावर केस ओढून घेई.

तेव्हाच प्रेमराजची म्हैस व्याली.

"वनाभाऊ, चाल, तुले गंमत दखाडस," प्रेमराज कुंपणावरून ओरडला. "पारडू धवयं फक व्हयनं!"

वना गेला. अर्धं गाव जमलं होतं. काळ्या म्हशीच्या पायाशी गुलाबी-पांढरं पारडू उभं होतं. पापण्या पांढऱ्या. ऊन लागताच ते डोळे मिटून घेई. वनाने खाली बसून त्याचं तोंड वर केलं. बुबुळं हलत होती. एका जागी थांबत नव्हती.

वना उठला. "काय भो, कोड शे का त्याले?"

"काय माहीत. सकायपासून उन्हात बांधेल शे. हाडं पक्का व्हतीन."

त्याच वेळी गुरांची डॉक्टर गाडीवरून आली. सारिका मॅडम. तरुण होती, भडगावहून येई, म्हशीची वार अडकली म्हणून तिला बोलावलं होतं. तिने पारडू पाहिलं आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "अहो भाऊ, उन्हात काय बांधलंय त्याला? सोडा आधी. सावलीत घ्या."

प्रेमराज हसला. "मॅडम, आमचं पारडू का साहेब शे?"

"अल्बिनो आहे ते. अंगात रंगच नाही जन्मापासून. तुमच्या-माझ्या कातडीत काळा रंग असतो ना, तो छत्रीसारखा असतो. ह्याला छत्रीच नाही. उन्हात ठेवलंत तर नाकावर, कानावर जखमा होतील. त्या भरत नाहीत. पुढे त्याचाच कॅन्सर होतो."

"म्हनजे कोड नही?" प्रेमराजने विचारलं.

"कोड वेगळं. ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ऊन म्हणजे ह्याला विष."

प्रेमराजने पारडू सोडून गोठ्यात नेलं. माणसं पांगली. वना तिथेच उभा होता. डॉक्टरने हातमोजा घातला, म्हशीचं काम केलं, हात धुतले, तरी तो उभाच होता.

"काय हो भाऊ?"

"माणसातबी असतं का हे?"

"असतं की. माणसात, वाघात, कावळ्यात, सगळ्यांत असतं."

"आणि उन्हाचं? माणसाला?"

डॉक्टरने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कोण आहे?"

ती घरी आली. मयुरीने केस बाजूला केले. सारिका मॅडमने कानशिलाला हात लावला नाही, नुसतं पाहिलं, आणि म्हणाली, "मी गुरांची डॉक्टर आहे ताई, मी काही सांगू शकत नाही. पण उद्याच धुळ्याला जा. मोठ्या दवाखान्यात. परवा नको, उद्याच. आणि तोंड झाकून जा."

वना तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. आवाज खाली आणून म्हणाला, "लहानपणी उन्हात बसवत होतो. तेल लावून."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं."

ती गाडीवर बसली, किल्ली फिरवली, आणि पुन्हा बंद केली. मग म्हणाली, "धुळ्याला सांगा. सगळं सांगा त्यांना." एवढंच बोलून गेली.

सकाळच्या गाडीने दोघं निघाले. पारोळ्यापर्यंत ऊन उजवीकडून येतं, म्हणून वनाने तिला डावीकडे बसवलं. पारोळ्यापुढे गाडी पश्चिमेला वळते आणि ऊन डावीकडे येतं. तिथे त्याने एका माणसाला विनंती करून जागा बदलून घेतली. मयुरी मोबाईल नाकाला लावून वाचत होती. नवा शब्द सापडल्याने खूश होती.

"नाना, अल्बिनो म्हणजे काय माहिती? पोर्तुगीज लोकांनी म्हटलं आधी. मुळात लॅटिन. अर्थ काय असेल?"

"काय?"

"पांढरा!" ती हसली. "एवढं फिरून शेवटी धवयीच."

वनानेही हसायचा प्रयत्न केला. उन्हाबद्दल मॅडम काय म्हणाली ते सांगायचं तर आत्ताच सांगावं, असं त्याला गाडी धुळ्यात शिरेपर्यंत वाटत होतं. तोंड उघडलं नाही.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी जखम तपासली, मान चाचपली आणि नेहमीसारखं विचारलं, "लहानपणी उन्हात फार वावरलीय का? शेतात वगैरे?"

सगळं सांगा, असं सारिका मॅडमने बजावलं होतं. वना खुर्चीतून उठून उभा राहिला आणि त्याने सांगितलं. कोणतं तेल, कुठून आणलेलं. पहिल्या महिन्यात पाच मिनिटं, पुढे दहा, मग अर्धा तास, सातव्या वर्षापासून चाळीस मिनिटं. तोंड निम्मा वेळ, पाठ निम्मा वेळ. फोड कधी आले, ठिपके कधी आले. काम कसं केलं हे मुकादमाला सांगावं तसं त्याने क्रमाने सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीने सांगणं त्याला येत नव्हतं. "एकही दिवस चुकवला नाही," असं शेवटी म्हणाला. ते तोंडातून गेलं आणि मग त्याला ऐकू आलं.

डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. मयुरी त्याच्याकडे बघत होती. तिचे हलणारे डोळे एका जागी थांबत नसत. त्या वेळी ते जवळजवळ थांबले होते.

त्या दिवसापासून ती बापाशी बोलली नाही. आईशी बोले, आजीशी बोले. वनाने पाणी दिलं तर घेई, मान खाली घालून. ऑपरेशनची तारीख मिळाली. वनाने कामावर जाणं सोडलं. केळीच्या रोपवाटिकेतून हिरवी शेडनेट आणून त्याने अंगणावर, मोरीच्या वाटेवर, दारापासून रस्त्याच्या फाट्यापर्यंत बांधली. बांबू रोवले, तारा ताणल्या, टोकं शिवली. दोन दिवस खपून त्याने असं काम केलं, की दुपारी बारालाही घरापासून फाट्यापर्यंत ऊन जमिनीला लागेना. गच्चीचा जिना त्याने काट्या टाकून बंद केला.

नवव्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. तो बांबूला तार आवळत होता.

"नाना."

तो उठला.

"एक दिवस तरी चुकवायचा होता."

त्याच्या हातात तार तशीच ताणलेली होती.

"माणूस आजारी पडतो. माणसाला कंटाळा येतो. कुणी लग्नाला जातं, कुणाची गाडी चुकते. अकरा वर्षांत एक दिवस? मला ताप होता तेव्हा तरी? आई म्हणत होती तेव्हा तरी?"

"माले सांगेल व्हतं, चुकायचं नही," वना म्हणाला.

"वहीत सतरा भाषा झाल्या," ती म्हणाली. "सगळ्यांनी लांबून बघितलं आणि पांढरी म्हणून मोकळे झाले. हिला ऊन सोसत नाही, असं एकाही नावात नाही. पण तुम्ही जवळ होतात. माझे हात तुमच्या हातात होते. मी ओरडत होते."

वनाने तार हातातून सोडली. ती झटक्याने सुटली आणि त्याच्या तळहातावर ओरखडा उठला. त्याने हात मागे घेतला. मयुरीने तो पाहिला, आत गेली, हळद घेऊन आली आणि त्याच्या हातात न देता ओट्यावर ठेवून पुन्हा आत गेली.

ऑपरेशन झालं. कानाचा तुकडा आणि कानशिलावरचं मांस काढलं, मांडीची कातडी लावली. मग उजेडाची की विजेची, कसली ती किरणं द्यायला सहा आठवडे रोज धुळ्याला जावं लागलं. वना रोज गेला. गाडीतली बाजू कधी चुकला नाही. सावलीची बाजू भरलेली असली तर तो उन्हाच्या खिडकीत बसे, तिला आतल्या जागेवर बसवी आणि दोन्ही हातांनी चादर ताणून धरी. परतीला त्याचे हात भरून येत. एकदा पारोळ्याच्या थांब्यावर ती म्हणाली, "ठेवा खाली थोडा वेळ. झाड आहे इथे." आता ती बोलू लागली होती. पूर्वीसारखी नाही, पण लागेल तेवढं. "नाना, छत्री आणा." "नाना, भूक लागली." तेवढ्यासाठी तो जगत होता असं म्हटलं तरी चालेल. तिने माफ केलं का, हे त्याने कधी विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला नाही, असं तो धरून चालला.

आठ महिने बरे गेले. मग मानेत गाठ आली. डॉक्टरांनी ती काढली. पुढच्या वर्षी दुसरी आली, आणि तिला हात लावता येणार नाही असं त्यांनी सांगितलं. मयुरीने बी.ए.चं शेवटचं वर्ष घरी बसून पुरं केलं. परीक्षेला प्रेमराज तिला गाडीवर न्यायचा. त्याच्या गोठ्यात ते पारडू आता रेडी झालं होतं, धष्टपुष्ट, कातडीवर एक डाग नव्हता. गावात ती चेष्टा होऊन बसली होती, की प्रेमराजची म्हैस फक्त संध्याकाळी फिरायला जाते. वना त्या गोठ्यासमोरून जाताना मान खाली घाली.

शेवटचे पंधरा दिवस मयुरी बोलू शकत नव्हती. वना रात्रंदिवस खाटेशी बसे. ती कधी त्याचा हात धरी, कधी सोडून देई. त्यातलं काय कशासाठी, ते त्याला कळलं नाही. वैशाखात एका पहाटे ती गेली. बावीस वर्षांची होती.

वना म्हणाला, संध्याकाळी नेऊ. पण वैशाखातलं प्रेत ठेवत नाहीत, आणि एरंडोलहून मावशी यायची होती तीही दहालाच पोहोचली. साडेअकराला तिरडी उचलली. घरापासून फाट्यापर्यंत शेडनेट होती. तिच्याखालून माणसं गेली. पुढे नदीपर्यंत उघडा रस्ता.

वना पुढे मडकं धरून चालत होता. निम्म्या वाटेवर विसाव्याची जागा आहे. तिथे तिरडी खाली ठेवतात आणि खांदेकरी बदलतात. झाड नाही. तिरडी ठेवली. रीतीप्रमाणे तोंड उघडं होतं.

वनाने मडकं खाली ठेवलं आणि मागे आला. तो तिरडीच्या उजवीकडे उभा राहिला. मग डावीकडे गेला. मग डोक्याशी. माणसांना आधी कळेना तो काय करतोय. वैशाखात बाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो. उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांबाहेर पडत नाही. तो ज्या बाजूला जाई तिथे ती त्याच्या अनवाणी पावलांखालीच राही.

मग त्याने तिरडीच्या दोन्ही बाजूंना हात टेकले, गुडघे टेकले आणि तिच्यावर ओणवा झाला. तिच्या तोंडावर सावली पडली.

"वनाभाऊ, चला आता," कुणीतरी म्हणालं. "उशीर व्हयी राह्यना."

तो हलला नाही. जमीन तापलेली होती. हाताखाली वाळू भाजत असणार. नवे खांदेकरी येऊन उभे राहिले. एक म्हातारा म्हणाला, असं करू नये. वनाची पाठ थरथरू लागली. तीस वर्षं घड वाहिलेली पाठ होती ती.

प्रेमराज पुढे आला. त्याने त्याला उठवलं नाही. खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि एक टोक शेजारच्याच्या हातात दिलं. आणखी एकाने आपलं उपरणं काढून त्याला गाठ मारली. चौघांनी चार टोकं धरून ते कापड तिरडीवर ताणलं.

"उठ भो," प्रेमराज म्हणाला. "आम्ही धरतस."

वनाने आधी वर बघितलं. मग खाली, तिच्या तोंडाकडे. एका कानाजवळ उन्हाचा कवडसा राहिला होता. त्याने बोटाने दाखवलं. त्या बाजूच्याने टोक खाली घेतलं. कवडसा गेला.

मग तो उठला, मडकं उचललं आणि पुढे चालू लागला.